काळी कढई आणि भाताची संत्री

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि हे सगळं मी तुम्हाला उपडी पडून सांगते आहे. आवाज थोडा घुमेल. सांभाळून घ्या.

कढई सुलटी असली की ती कामावर असते आणि उपडी असली की तिला स्वप्नं पडतात. माझं निम्मं आयुष्य फळीवर असं उपडं गेलं, त्यामुळे मी जे सांगेन त्यातलं काही घडलेलं असेल आणि काही नुसतंच दिसलेलं. तापलेल्या तेलावर एक बारीक लाट हलत असते, दिसते न दिसते अशी. तिच्यातून पलीकडचं सगळं जरा डुलतंच. मी जग तसं डुलतानाच पाहिलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका लोहाराकडे झाला. तो पत्र्यावर हातोडा घालताना प्रत्येक घावाला आपल्या मेव्हण्याची आठवण काढायचा. मेव्हण्याने नक्की काय केलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण माझी खोली त्या रागाएवढी आहे. पोट पुरेसं खोल झाल्यावर त्याने मला दोन कान ठोकून बसवले, पाण्यात बुडवलं आणि दुकानाबाहेर टांगलं. तेव्हा मी चकचकीत होते. येणारे जाणारे माझ्यात तोंड बघून भांग नीट करायचे आणि मला वाटायचं, हे माझ्याचसाठी थांबतात. लोखंडाला तरुणपणी चमक फार असते. अक्कल नंतर, काळं पडता पडता येते.

मला विकत घेतलं ते एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरणाऱ्या बाईने. पुढे या घरात सगळे तिला आईच म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणेन. तिने मला घरी आणलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे माझी चमक घालवली. बोटभर तेल आतून सगळीकडे चोळलं, मग कोरड्या फडक्याने ते जवळजवळ सगळं पुसून टाकलं आणि मला मोठ्या आचेवर ठेवलं. मी धुमसले. गार झाल्यावर पुन्हा तेल, पुन्हा पुसणं, पुन्हा आच. याला ती तेल पाजणं म्हणायची. असं बऱ्याचदा झाल्यावर माझ्या बुडाशी एक तपकिरी सावली आली. पुढच्या वर्षांत प्रत्येक तळणाने तिच्यावर आपला एकेक पातळ पदर चढवला आणि ती सावली काळी झाली. गुळगुळीत, खोल, रात्रीच्या पाण्यासारखी काळी. त्या काळ्यावर काहीही चिकटत नसे.

आईने मला आयुष्यात कधी साबण दाखवला नाही. गरम पाणी, फडकं, तेलाचा एक थेंब, झालं. तिची नणंद, म्हणजे तिच्या मुलीची आत्या, घरी आली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, वहिनी, ही कढई कधी घासतेस की नाही? आई म्हणायची, ती अंघोळ करत नाही, नुसतं तेल लावते. आत्याला हे पटायचं नाही. पण माझ्यात तळलेलं खायला ती कधी मागे राहिली नाही, हेही मी पाहिलं आहे.

आता त्या खाण्याबद्दल. आईच्या हॉटेलात एक इटालियन आचारी होता. तो दिवसभर कुणाशी बोलत नसे आणि भात करपला की एकदम सगळ्यांशी बोले. त्याच्याजवळ उभं राहून आई भाताचे तळलेले गोळे करायला शिकली. त्यांचं नाव आरांचिनी. म्हणजे छोटी संत्री, असं त्याने तिला सांगितलं होतं. घरात मात्र त्यांना सरळ संत्री म्हणत. त्यामुळे पाहुण्यांना संत्री खाणार का असं विचारलं जाई आणि ते सोलायच्या तयारीने बसत.

संत्री करायची म्हणजे दोन दिवसांचं काम. आदल्या दिवशी जाडा, बुटका, चिकट तांदूळ लोण्यात परतायचा. मग भाज्या उकळलेलं गरम पाणी डावाडावाने घालत, ढवळत राहायचं. तो भात मोकळा होता कामा नये. चमच्यावरून खाली पडताना त्याने जरा विचार केला पाहिजे, असं आई म्हणायची. मग त्यात किसलेलं चीज, आणि सगळं परातीत पसरून ओल्या फडक्याखाली रात्रभर गार होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी गोळे.

गोळ्यांचं काम दोघींचं होतं. मुलगी तेव्हा इतकी लहान होती की ओट्यापाशी पोचायला तिला उलटी बादली लागे. घरात कुठेही गोड ठेवलं की ही तिथे हजर, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. आई ओल्या हातावर भाताचा गोळा करून मुंगीला देई. मुंगी त्यात अंगठा खुपसून खड्डा करी आणि खड्ड्यात चीजचा तुकडा ठेवी. मग तो उघडा गोळा ती आईकडे परत देई आणि आई आपल्या मोठ्या तळव्यात तो बंद करी. खड्डा मुंगीचा, झाकण आईचं. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. बाबांना या कामात घेत नसत. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि त्यांच्या हातांना कायम टर्पेंटाइनचा वास यायचा. त्यांनी एकदा मदत केली होती. त्या दिवशीची संत्री नुकत्याच रंगवलेल्या दारासारखी लागली म्हणे.

मग गोळे पातळ पिठात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून माझ्याकडे येत. मित्रांनो, तो वेळ मला अजून स्वप्नात दिसतो. दुपार कलंडलेली असायची. खिडकीतलं ऊन तेलापर्यंत येऊन थांबायचं आणि माझ्या पोटात एक पिवळं तळं व्हायचं. त्यात ते गोळे उतरत, आधी तळाशी जात, जरा वेळ तिथे काहीतरी आठवत बसल्यासारखे थांबत आणि मग सावकाश वर येत. वर आले की स्वतःभोवती फिरत. पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे नारिंगी. बाबा दारात उभे राहून रंगांची नावं सांगत आणि आई म्हणायची, नावं पुरे, ताट आणा.

एखादा गोळा फुटायचाच. कुठेतरी बारीक भेग राहिलेली असे, चीज बाहेर येई आणि तेल तडतडे. आई तो झाऱ्याने उचलून बाजूला ठेवी. सगळ्यांची ताटं भरली की उभ्यानेच, शेगडीपाशी, फुंकर मारत तो फुटका गोळा ती खाई. एकदा मुंगीने तो मागितला. आई म्हणाली, "हा करणारीचा असतो. तू करायला लागलीस की तुझा." मुंगीला ते फार मानाचं वाटलं. तिला वाटलं, फुटक्यातच काहीतरी खास असणार.

मग आई आजारी पडली. त्याबद्दल मला फार माहीत नाही. त्या काळात मी फळीवर उपडी होते आणि माझ्यापर्यंत फक्त आवाज यायचे. औषधाच्या बाटल्यांचे, हळू बोलण्याचे, दार हळू लावण्याचे. एक दिवस घरात एकदम पुष्कळ चपला आल्या. त्या गेल्यावर घर इतकं शांत झालं की नळ गळतो हे मला पहिल्यांदा कळलं.

आत्याने बाबांना एक नॉनस्टिक तवा आणून दिला. त्याच्यावर म्हणे काही चिकटत नाही. खरंच होतं ते. बाबा त्याच्यावर रोज ऑम्लेट करत, आणि तव्याला कालचं ऑम्लेट आठवत नसे. मी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण त्याच्यावर शब्दही टिकत नसत. वाईट नव्हता बिचारा. गुळगुळीत होता.

मी धूळ खात पडले. पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगते, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेतून आल्यावर, बाबा घरी नसताना, मुंगी स्टुलावर चढून मला जरा उचलायची आणि आत हात घालायची. तळवा माझ्या काळ्या बुडावर ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहायची. मग हात बाहेर काढून बोटांचा वास घ्यायची. तेलाचा, लोखंडाचा, जुन्या दुपारींचा वास. मग मला होती तशी ठेवून ती गृहपाठाला बसायची. रडायची नाही. तिला माझ्याशी जे काही बोलायचं असे ते तेवढ्यात होऊन जाई.

काही काळाने घरात नवी बाई आली.

तिची कोपऱ्यावर लाँड्री होती. बाबा तिच्या दुकानाची पाटी रंगवायला गेले होते. त्यांनी झोकदार अक्षरांत 'कोणतेही डाग निघतील' असं लिहिलं. ती खाली उभी राहून बराच वेळ पाटीकडे बघत होती. मग म्हणाली, ते 'कोणतेही' खोडा आणि तिथे 'बहुतेक' लिहा. बाबांनी आयुष्यात शेकडो दुकानदार पाहिले होते, पण पाटीवर 'बहुतेक' लिहायला सांगणारी ही पहिलीच. शिडीवरून उतरताना त्यांचं मनाशी काय ते ठरलं असावं. आत्याने चौकशी केली, तोंड वाकडं केलं, सरळ केलं आणि लग्नाला आली.

या बाईचा स्वभाव लाँड्रीचा होता. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, धुतलेल्या आणि अजून धुवायच्या, असं तिचं मत होतं. तिने पडदे धुतले, उशा धुतल्या, दाराच्या कड्या धुतल्या. बाबांच्या हातांचा टर्पेंटाइनचा वास घालवायचाही तिने प्रयत्न केला, पण तिथे ते 'बहुतेक' आडवं आलं. तिचे हात सोड्याने लाल आणि सुरकुतलेले असत. तिच्या धुण्यात दुष्टपणा नव्हता. कुणावर माया आली की ती त्याचं काहीतरी धुवायला काढायची. दुसरी रीत तिला येत नव्हती.

मुंगी तिच्याशी वाईट वागली नाही. ती काहीच वागली नाही. बाबा, त्यांना विचारा डबा भरून झाला का. बाबा, त्यांना सांगा माझी वही उचलू नका. आणि नवी बाई शेजारीच उभी असे. हाक मारायची वेळ आली की मुंगी हाक न मारता समोर जाऊन उभी राही आणि वाट बघे. एका संध्याकाळी भांडी लावता लावता नवी बाई बाबांना म्हणाली, "मला आई नकोच म्हणू दे हो. नुसतं 'अहो' म्हणाली तरी चालेल. पण काहीतरी म्हणू दे." बाबा ताट पुसत राहिले. ते ताट आधीच कोरडं होतं.

त्याच संध्याकाळी तिने विचारलं, मुंगीला खायला काय आवडायचं. बाबा म्हणाले, संत्री. तिने दुसऱ्या दिवशी किलोभर संत्री आणली, तेव्हा बाबांना खुलासा करावा लागला. पण त्यांच्या खुलाशाचा फारसा उपयोग नव्हता. भात होता, गोल होता, तळलेला होता आणि रंग असा पिकल्या उन्हासारखा होता, एवढंच त्यांना सांगता आलं. इतकी वर्षं दारात उभं राहून त्यांनी फक्त रंग पाहिला होता.

तिने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. तो पुन्हा पुन्हा पाहिला. जाडा तांदूळ आणला. व्हिडिओतल्या माणसाने तांदूळ धुवायला सांगितलं नव्हतं. पण त्याने श्वास घ्यायलाही सांगितलं नव्हतं. काही गोष्टी माणूस सांगितल्याशिवाय करतो. तिने तांदूळ धुतला. पाणी पांढरं निघालं, तिला अर्थातच पुन्हा धुवावासा वाटला. पाणी स्वच्छ काचेसारखं होईपर्यंत ती धूत राहिली आणि ते सगळं पांढरं पाणी, ज्यात चिकटपणाचा जीव होता, मोरीतून निघून गेलं. मग व्हिडिओत दाखवला तसा तिने भात केला आणि पसरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला खाली काढलं.

मला वाटलं, आले माझे दिवस. तिने मला उजेडात धरलं. माझं पोट पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावर अशी माया दाटून आली की मी समजले, आता माझं काही खरं नाही.

मित्रांनो, पुढचं मी थोडक्यात सांगते. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, लिंबू, तारेची घासणी. ती दुपारपर्यंत घासत होती. मधे मधे गुणगुणत होती. मनापासून केलेलं एवढं कष्टाचं काम मी क्वचित पाहिलं आहे. आईच्या सगळ्या दुपारी पदरापदराने सुटत गेल्या, काळं पाणी मोरीकडे निघालं आणि शेवटी मी लोहाराच्या दुकानाबाहेर टांगलेल्या दिवसासारखी चकचकीत झाले. तिने मला पुसून ओट्यावर मध्यभागी ठेवलं, जशी एखादी भेटवस्तू ठेवतात तशी. मुंगीच्या आईची कढई नवी करून दाखवायची, असा तिचा बेत होता.

बाबा आले, त्यांनी मला पाहिलं आणि दारातच थांबले. ते म्हणाले, अगं. एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्यापाशी होतं, पण ते त्यांनी गिळलं. पाठोपाठ आत्या आली, कारण संत्री होणार असल्याची बातमी तिला लागली होती. तिने मला पाहून समाधानाने मान डोलावली. चला, म्हणाली, कुणीतरी घासली एकदाची.

मग मुंगी आली.

तिने दप्तर खाली ठेवलं नाही. ती ओट्याजवळ आली, माझ्यात हात घातला, तळवा टेकवला. मग बोटांचा वास घेतला. लिंबाचा वास होता.

"आईचं काळं कुठंय?" ती म्हणाली.

नव्या बाईला प्रश्नच कळला नाही. ती हसून म्हणाली, सगळं निघालं बघ, जरासुद्धा राहिलं नाही. मुंगी आत गेली आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

नव्या बाईला वाटलं, गोळे झाले की येईल बाहेर. तिने तेल तापवलं आणि गोळे सोडले. धुतलेल्या तांदळाचे ते गोळे तेलात शिरले आणि लगेच आपापल्या वाटेने निघाले. भाताची शितं इकडे, चुरा तिकडे, चीजच्या तारा मधे. ज्यांनी एकमेकांना धरायचं त्यांनी सोडून दिलं, आणि धरायचं नाही ते माझ्या उघड्या बुडाला घट्ट धरून करपू लागलं. त्याला अडवायला माझ्यापाशी काहीच नव्हतं. धूर झाला. आत्या डोळे पुसत म्हणाली, "भातच करायचा होता, तर तळलास कशाला?" आणि बराच वेळ बसून, एक कप चहा घेऊन गेली.

संध्याकाळी नवी बाई मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. बाबा शेजारी बसले आणि त्यांनी गिळलेलं वाक्य अखेर सांगितलं. ती घाण नव्हती. ते तेलाचे पदर होते, एकावर एक, मुंगीच्या आईने चढवलेले, ती असेपर्यंतचे सगळे. जुन्या पाटीवरचा रंग खरवडला की खालची अक्षरंही जातात, तसं झालं.

नव्या बाईने माझ्या बुडावरून बोट फिरवलं. तिच्या धंद्यात डाग काढायची पुष्कळ औषधं होती. काढलेला डाग परत घालायचं औषध नव्हतं.

"म्हणजे मी तिच्या आईला धुऊन टाकलं," ती म्हणाली.

बाबांनी तिचा हात हातात घेतला. टर्पेंटाइन आणि सोडा. दोन्ही वास तिथेच राहिले.

उघड्या लोखंडाला हवा लगेच खाते. सकाळी माझ्या पोटात तांबूस ठिपके उठले होते. नवी बाई लवकर उठली होती. आणखी एका व्हिडिओतून तेल पाजण्याबद्दल काहीतरी कळलं होतं तिला. तिने ठिपके घासून काढले, वाटीभर तेल ओतलं आणि फडक्याने माझ्या पोटात फिरवायला लागली. तेलाचे ओघळ चालले होते. असं तापवलं असतं तर मी डिंकासारखी चिकट झाले असते, पण मला बोलता येत नाही. तुमच्याशी बोलते आहे ती गोष्ट वेगळी.

मुंगी दारात उभी होती. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने बाबांना शोधलं, त्यांना सांगा म्हणण्यासाठी. बाबा झोपले होते. तेलाचा एक ओघळ माझ्या कडेवरून ओट्यावर आला.

"एवढं नाही लावायचं," ती म्हणाली. "लावायचं आणि पुसून टाकायचं. पुसल्यावर जे उरतं तेवढंच."

नवी बाई हलली नाही. हललं तर पाखरू उडेल, अशी ती उभी राहिली. मुंगीने उलटी बादली ओढली, वर चढली, फडकं घेतलं आणि मला पुसायला लागली. ती माझ्याशीच बोलत होती, तिच्याशी नाही, हे मी स्पष्ट करते. पुसता पुसता तिचं बोट माझ्या डाव्या कानापाशी थांबलं. कान जिथे पोटाला जोडला आहे तिथे लोहाराने ठोकलेल्या खिळ्याच्या आजूबाजूला एक बारीक खाच आहे. तारेची घासणी तिथे शिरू शकली नव्हती. तिथे नखाएवढं काळं शिल्लक होतं.

मुंगीने वाकून वास घेतला.

"आहे इथं," ती म्हणाली.

मग त्या दोघींनी मला आचेवर ठेवलं. मी धुमसले. खिडकी उघडली गेली. पुन्हा तेल, पुन्हा पुसणं, पुन्हा आच. पुढच्या सगळ्या सुट्टीच्या सकाळी हेच चाललं. आधी मुंगी पुसायची आणि नवी बाई बघायची. मग मुंगी तेल लावायची आणि नवी बाई पुसायची. पुसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही, हे मुंगीलाही मान्य करावं लागलं. बोलणं कामापुरतंच होई. अशाच एका सकाळी मुंगी माझ्याकडेच बघत म्हणाली, "तुम्ही तांदूळ धुतला होता."

"धुतला होता."

"किती वेळ?"

"पाणी स्वच्छ होईपर्यंत."

मुंगीने वर बघितलं. तिला हसू आलं ते तिने आवरलं, पण नीट आवरता आलं नाही. आई धूतच नव्हती, ती म्हणाली. धुतलं की ते एकमेकांना धरत नाहीत.

माझ्या बुडाशी पुन्हा तपकिरी सावली आली तेव्हा संत्र्यांचा दिवस ठरला. आदल्या दिवशी नवी बाई तांदळाचं पातेलं घेऊन नळापाशी उभी राहिली. मी तिला इतकं घुटमळताना कधी पाहिलं नव्हतं. तिने तांदूळ निवडला. पुन्हा निवडला. नळाकडे पाहिलं. नळ गळत होता, तो जणू बोलावतच होता. तिने डोळे मिटले आणि न धुतलेला तांदूळ लोण्यात ओतला. सैनिक, साधू वगैरे लोकांच्या धैर्याबद्दल मी ऐकून आहे. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. मी फक्त हे पाहिलं, ते सांगितलं.

भात झाला. चमच्यावरून पडताना त्याने विचार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून माझ्यापर्यंत आलं. मुंगीने ओल्या हाताने गोळा केला, अंगठा खुपसला, चीज ठेवलं आणि स्वतःच बंद करायला गेली. तळवा लहान पडला. चीज एका बाजूने डोकावलं. तिने दाबलं, ते दुसऱ्या बाजूने डोकावलं. बाबा दारातून म्हणाले, मी करू का? मुंगी म्हणाली, बाबा, तुम्ही नाही. ते लगेच मागे झाले.

नवी बाई हात खाली सोडून उभी होती. लाल, सुरकुतलेले, मोठे हात. मुंगीने त्या उघड्या गोळ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. मग गोळा तिच्यापुढे धरला.

तिने तो तळव्यात घेतला आणि बंद केला.

मग मी तापले. पिवळं तळं झालं आणि गोळे उतरले. तळाशी गेले, काहीतरी आठवत थांबले आणि वर आले. फिरू लागले. एकानेही माझ्या बुडाला धरलं नाही. पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे नारिंगी. बाबांनी नावं सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ताट आणा असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मला तेलाच्या आवाजात ओळखता आलं नाही. कदाचित ते मला दिसलेलं असेल. तुम्ही गाळून घ्या.

शेवटच्या घाण्यात एक गोळा फुटला. चीज बाहेर आलं, तेल तडतडलं. नवी बाई घाबरून मुंगीकडे बघायला लागली. तिला वाटलं, पुन्हा बिघडलं. मुंगीने तिच्या हातातून झारा घेतला, तो फुटका गोळा अलगद उचलला आणि तेल निथळू दिलं. नंतर सगळ्यांची ताटं भरली गेली. आत्याचंही, ती होतीच. मुंगीने तो फुटका गोळा एका बशीत घालून शेगडीपाशी आणला आणि नव्या बाईच्या हातात दिला.

"हा करणारीचा असतो," ती म्हणाली. "उभ्यानेच खायचा."

तिने तो उभ्यानेच खाल्ला. फुंकर मारायचं विसरली, जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं आणि ते पोळल्यामुळेच आहे असं सगळ्यांनी ठरवलं. आत्या म्हणाली, मीठ जरा कमी आहे, आणि आणखी दोन घेतले.

जेवणं झाल्यावर नव्या बाईचा हात सवयीने साबणाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग तिने गरम पाणी घेतलं, फडकं घेतलं आणि तेलाचा एक थेंब. मुंगीने मला फळीवर उपडं ठेवलं.

तेव्हापासून पुष्कळ दुपारी गेल्या. माझ्या कानाजवळच्या खाचेतलं जुनं काळं आणि पोटातलं नवं काळं एकमेकांना भेटलं आहे. कुठे भेटलं, ती रेघ मलाही सापडत नाही. मुंगीला आता बादली लागत नाही. अधूनमधून तिचा तळवा अजून माझ्या बुडाशी येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्यावर जे काही गुदरलं ते काळजीनेच. मी फक्त एवढंच सांगते, जे मी जेवणाच्या वेळी या फळीवरून ऐकलं आहे. लाँड्रीच्या पाटीवर अजून 'बहुतेक' आहे. पण हल्ली कुणी जुना सदरा, जुनी चादर, बाळाचं झबलं घेऊन आलं की नवी बाई ते लगेच पाण्यात टाकत नाही. डागावर बोट ठेवते आणि आधी विचारते, हा काढायचाच आहे ना?

बरेच जण हो म्हणतात. काही जण मात्र कपड्याची घडी पुन्हा घालतात आणि तो तसाच घरी घेऊन जातात.

मला घासणी दाखवण्याआधी तुम्हीही तेवढं विचारत जा.